क्षमाच्या थोटक्या माश्या

माणसं कुत्री पाळतात, मांजरं पाळतात. आमच्या शेजारच्या इमारतीतल्या कुंदाताई कासव पाळतात आणि दरवर्षी त्याचा वाढदिवसही करतात. त्यांना कोणी वेडं म्हणत नाही. मी माश्या पाळते म्हटलं की मात्र लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. "म्हणजे मधमाश्या ना?" असं विचारून ते मला सुटायची एक संधी देतात. मी ती घेत नाही. "नाही हो, चिलटं," म्हणते. "पिकल्या केळ्यावर घोंगावतात ना, ती." मग बहुतेकांना एकदम काहीतरी काम आठवतं.

मी मधुवंती. मुलुंड पूर्वेला राहते. घाटकोपरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला आणि तिथंच मला क्षमा भेटली. दोघी एकाच वर्षी नोकरीला लागलो, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो आणि आनुवंशिकतेचं प्रॅक्टिकल आमच्या गळ्यात पडलं, कारण वरच्या मंडळींपैकी कोणालाच माश्यांची उस्तवार नको होती. आम्हाला तेव्हा कोणीतरी शिक्षा दिल्यासारखं वाटलं होतं. महिन्याभरात आमचा त्यांच्यावर जीव जडला.

चिलट देखणं असतं हो. उगाच नाही सांगत, भिंगाखाली धरून बघा. तिळाएवढं अंग, मधाचा रंग आणि डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल. मादी अंगानं थोराड, तिच्या पोटावर शेवटपर्यंत पट्टे. नर लहानखुरा, त्याच्या पोटाचं टोक काळं. जिथं फळ आंबतं तिथं ह्यांचं गाव: रसवंतीच्या मागची बादली, फळवाल्याची पाटी, आपल्या ओट्यावर दोन दिवस राहिलेलं केळं. नराला मादी पसंत पडली की तो तिच्यामागे फिरतो, एक पंख बाजूला पसरतो आणि थरथरवतो. ते त्याचं गाणं. आपल्याला ऐकू येत नाही, तिला येतं.

आमच्या माश्यांचं वैशिष्ट्य असं, की त्यांना पंख जवळजवळ नव्हतेच. जन्मतःच थोटके, खांद्यापाशी दोन सुरकुतलेले तुकडे. प्रयोगासाठी अशी जात मुद्दाम सांभाळतात. उडायचा प्रश्नच नाही, दिवसभर नुसत्या चालायच्या. आणि तरी नर तो थोटका पंख उचलून गायचा प्रयत्न करायचाच. क्षमा भिंगातून बघत म्हणायची, "आत्मविश्वास बघ मेल्याचा!"

त्यांना खायला रवा, गूळ, यीस्ट आणि घट्ट व्हायला चायना ग्रास. आमच्या दोन्ही घरांत त्याला माश्यांचा शिरा म्हणायचे. गरम असताना बाटलीत ओतायचा, थंड झाला की माश्या सोडायच्या, तोंडाला कापसाचा बोळा. मादी शिऱ्यावर अंडी घालते. अंडं इतकं बारीक की डोळे ताणले तरच दिसतं, पांढरं, वर दोन तंतू. दिवसाभरात अळी बाहेर येते आणि खात सुटते. पोट भरलं की ती काचेवर चढते, कोरडी जागा धरते आणि तपकिरी कोष होऊन बसते. कोषातून आधी डोळ्यांचे लाल ठिपके दिसायला लागतात. मग एका सकाळी फिकट, ओली, चुरगळलेली माशी बाहेर पडते आणि तासाभरात अंग सावरून चालायला लागते. सगळं मिळून पंधरवड्याच्या आत. हे मी किती वेळा पाहिलं असेल सांगता येणार नाही, पण कोषात लाल ठिपके दिसले की अजून मला कोणाला तरी हाक मारावीशी वाटते.

कॉलेजला सुट्टी लागली की प्रयोगशाळेला कुलूप लागायचं. माश्यांना कुठली सुट्टी? म्हणून बाटल्या घरी यायच्या, एक क्षमाकडे अंधेरीला, एक माझ्याकडे. एकीकडची मेली तर दुसरीकडून आणायची, एवढाच नियम. मुंग्या, बुरशी, घरच्यांचा उत्साह, काहीही होऊ शकतं. पुढे कॉलेजनं माश्याच बंद केल्या. आता मुलं संगणकाच्या पडद्यावर माश्यांची लग्नं लावतात आणि उत्तर बरोबर आलं की टाळ्यांचा आवाज येतो. आम्ही दोघी निवृत्त झालो, पण बाटल्या चालूच ठेवल्या. का, ते एकमेकींना कधी विचारलं नाही. घाटकोपरला भेटायचं, डोसा खायचा, बाटलीची देवाणघेवाण करायची. एकदा मेट्रोच्या तपासणीत क्षमाची पिशवी अडवली. "मॅडम, ये क्या है?" तिनं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "मेरे स्टुडंट हैं, भैया. सब फेल हो गए." तो बिचारा एवढा गोंधळला, की त्यानं तिला जाऊ दिलं.

गेल्या दसऱ्यानंतर क्षमा गेली. ताप आला, हॉस्पिटलात नेली आणि आठवड्यात सगळं संपलं. भांडायला, निरोप घ्यायला, काही म्हणजे काही वेळ मिळाला नाही. त्याआधी पावसाळ्यात माझ्या बाटलीला बुरशी लागली होती आणि क्षमानं तिच्याकडच्या माश्या आणून दिल्या होत्या. म्हणजे आता माझ्या घरात जी काही थोटकी चालत होती, ती सगळी क्षमाच्या हातची. तिची साडी माझ्याकडे नाही, पुस्तक नाही, फोटोत तर ती नेहमी डोळे मिटलेली. ह्या माश्या तेवढ्या होत्या. त्या जगवायच्या, असं मी स्वतःशी ठरवलं होतं, आणि उन्हाळा सुरू झाल्यावर बाटलीला ओलं फडकं गुंडाळून ती पाण्याच्या ताटलीत ठेवत होते, तान्ह्या बाळाचं करावं तसं.

आणि मग आमच्या ह्यांनी त्यांना आंबा दिला.

आमचे हे, म्हणजे श्यामकांत, स्वभावानं इतके चांगले आहेत की कधीकधी डोक्याला हात लावायची वेळ येते. अक्षय्य तृतीयेला हापूसची पहिली पेटी फोडायची, ही आमच्या घरची पद्धत. पहिला आंबा देवाला, मग कामवालीला, वॉचमनला, शेजाऱ्यांना आणि शेवटी आपण. त्या दिवशी रस काढून झाल्यावर ह्यांना वाटलं, की घरात राहणारं कोणीतरी राहून गेलं. मी आंघोळीला गेले होते. ह्यांनी बोळा काढला, बाटली कोयींच्या ताटाशेजारी उघडी ठेवली, चमचा शोधला, मापून चमचाभर रस आत सोडला आणि वर बोळा लावला. कोयींवर घोंगावणारी चिलटं तोवर आत शिरून बसलेली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही भाचीच्या लग्नाला नाशिकला गेलो आणि कोकणातून आलेल्या पाहुण्यांच्या आग्रहामुळे पुढचे बरेच दिवस तिथंच राहिलो.

परत आले तर बाटलीत नुसता गोंधळ. लांब, चकचकीत पंखांच्या माश्या या काचेवरून त्या काचेवर उडताहेत. रसानं शिरा पातळ झालेला, आणि थोटक्या त्यात चिकटून मेलेल्या. जिला उडता येत नाही तिला त्यातून निघताही येत नाही. मी भिंग घेऊन बसले. आलेली चिलटं वेगळ्याच जातीची होती, आपल्याकडे स्वयंपाकघरात ती फार. दोन्ही जातींची सोयरीक जुळत नाही, म्हणजे पुढच्या पिढीत थोटके पंख परत येतील ही आशाही नाही. त्यांनी फक्त खाणं संपवलं आणि जागा घेतली. मी एकेक करून सगळी बाटली तपासली. एकही थोटकी जिवंत नव्हती.

"अहो, पण का?" मी विचारलं. ओरडलेच म्हणा ना.

"अगं, सगळ्यांना दिला ना आंबा," हे म्हणाले. "वॉचमनला दिला, समोरच्या घरी दिला. वर्षभर रवाच खातात बिचाऱ्या. घरात राहतात त्यांनाच नाही द्यायचा?"

ह्या माणसावर रागवायचं तरी कसं? मी तरीही रागावले, दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, अजून झोपेत असतानाच, माझ्या डोक्यात आलं, त्यात काय, क्षमाकडून आणू. हात फोनकडे गेलासुद्धा. आणि मग मी पलंगावर बसून राहिले. चहा घेऊन आलेले हे कप ठेवून निघून गेले.

क्षमाकडे बाटली होती, हे खरं. पण ती आता असेल कशी? माणूस गेल्यावर घर आवरतात, औषधं टाकतात, कपडे वाटतात. फ्रिजशेजारची चिलटांची बाटली कोण ठेवेल? तिचे यजमान चंद्रप्रकाश वीज कंपनीतून निवृत्त झालेले, मूळ मालवणकडचे, वडील गिरणीत होते, लेक परगावी. माणूस मोठ्या मनाचा, पण आमचं बोलणं कायम क्षमामार्फत. ती गेल्यावर मी दोनतीनदा फोन केले. "बरे आहात ना?" "बरा आहे." पुढे शब्द सापडायचे नाहीत. त्यांनाही नाही, मलाही नाही.

शेवटी मी फोन लावला. "भावजी, क्षमाची ती बाटली... आहे का हो अजून?"

ते म्हणाले, "बाटली ना? हां. म्हणजे... तुम्ही या ना मधुताई. चहाला या." आहे की नाही, ते सांगितलंच नाही.

मी रात्री नवा शिरा शिजवला, स्वच्छ बाटलीत ओतला आणि सकाळी निघाले. घाटकोपरपर्यंत बस, पुढं मेट्रो. तपासणीला पिशवी कोणी अडवली नाही. मला उगाच वाईट वाटलं.

अंधेरीतल्या चकाल्याच्या त्यांच्या घरात मी क्षमा गेल्यावर पहिल्यांदाच जात होते. घर टापटीप होतं. चंद्रप्रकाश वाळले होते. त्यांनी चहा केला, मग कोकम सरबत केलं, मग म्हणाले काजूची उसळ करतो, जेवूनच जा. उन्हाळा कसा आहे, मेट्रोला गर्दी होती का, श्यामकांतरावांचा गुडघा काय म्हणतो. बाटलीचं नाव नाही. मी सरबत संपवलं आणि सरळच विचारलं.

"भावजी, टाकलीत ना? टाकली असेल तर सांगून टाका. मी काही बोलणार नाही."

ते उठले. स्वयंपाकघरात गेले, खिडकीखालच्या कपाटाचं दार उघडलं आणि दोन्ही हातांनी बाटली घेऊन आले. टेबलावर ठेवली, पण हात काढला नाही.

"वाट लावली मी त्यांची," ते म्हणाले. "थंडीपर्यंत ठीक होत्या. ती करायची तसाच शिरा करायचो, बघून बघून यायला लागलं होतं. पण एप्रिलपासून काय झालं काय माहीत, पंख फुटले हो त्यांना. बाहेरच्या शिरल्या असतील. तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगणार? तिनं एवढी वर्षं सांभाळलं आणि मला सात महिने जमेना."

तरी मी पर्समधून भिंग काढलं. बाटली उजेडात धरली. आत मोजक्याच माश्या होत्या, पंधरावीस असतील. पंख होते खरे. पण कसले पंख! एकीचा अर्धा, दुसरीचा पाऊण, कडा कुरतडल्यासारख्या, डावा एक तर उजवा भलताच. एकही उडत नव्हती. मी बाटली टिचकीनं हलवली. सगळ्या धपाधपा खाली पडल्या आणि चालायला लागल्या.

मला हसू आलं आणि रडूही आलं. "अहो भावजी! ह्याच आहेत त्या. क्षमाच्याच आहेत. काही बिघडलेलं नाही."

"मग पंख?"

"उकाडा! ह्या जातीचं असंच असतं. अळी असताना फार उकडलं की थोटके पंख थोडे लांबतात. गारव्यात ठेवल्या की पुढची पिढी परत थोटकी. म्हणून तर क्षमा मे महिन्यात ओलं फडकं गुंडाळायची बाटलीला. ते पिवळं."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "ते होय? ते मी धुवून माळ्यावर टाकलं. मला वाटलं, पोतेरं आहे."

मग आम्ही दोघंही हसलो, मोठ्यानं. मी बोलत सुटले. क्षमा पहिल्या वर्षी माश्यांना गुंगी आणायला इथर जास्त देऊन अख्खी बाटली कशी मारायची, ते सांगितलं. परीक्षेत एका पोरानं थोटक्या माशीला "मुंगी" लिहिलं आणि क्षमानं त्याला पास केलं, कारण म्हणे, चालते तर आहे. क्षमा मेट्रोत काय म्हणाली. क्षमा मला डोसा कधी संपवू द्यायची नाही. चंद्रप्रकाश ऐकत होते, मधेच "हे मला नव्हतं सांगितलं तिनं" म्हणत होते.

बोलता बोलता मी पिशवीतून नवी बाटली काढली. शिरा छान घट्ट बसला होता. मी बोळा काढला आणि त्यांच्याकडची बाटली पुढं ओढायला हात घातला.

त्यांचा हात अजून बाटलीवरच होता.

"न्यायला आलात ना?" ते म्हणाले. "न्या. तुमच्याच आहेत. हॉस्पिटलात तिनं सांगितलं होतं मला, बाटली मधूला द्या, तुमच्याच्यानं नाही व्हायचं. मी हो म्हटलं होतं." आणि ते एकदम त्यांच्या मालवणीवर आले. "पंखांचा निमित्त झाला. खरा सांगू? माका ती तुमका देवची नाय होती."

मी पुढं केलेला हात मागं घेतला.

"सकाळी उठतो, लाईट लावतो, कपाट उघडतो," ते म्हणाले. "घरात दुसरं काही हलत नाही. ह्या तेवढ्या चालायला लागतात."

खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की ह्या माझ्या आहेत. तिनं माझं नाव घेतलं होतं. माझ्या घरातली बाटली मेली होती आणि ह्या सोडून जगात तिच्या हातचं काही नव्हतं. अर्ध्या अर्ध्या वाटता आल्या असत्या, पण उकाड्यानं आधीच दमलेल्या, त्यात पंधरावीसच. निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे केल्या तर दोन्हीकडच्या मरायची भीती. कोणीतरी एकानंच घ्यायला हव्या होत्या.

मी बाटली उलटी धरली, तळव्यानं ठोकली आणि सगळ्या माश्या नव्या शिऱ्यावर उतरवल्या. एकही बाहेर पडू दिली नाही. बोळा लावला. मग खुर्ची ओढून माळ्यावर चढले. भावजी "अहो, अहो" करत खाली उभे. पिवळं फडकं शोधून काढलं, भिजवलं, पिळलं आणि बाटलीला गुंडाळलं. ताटलीत पाणी घातलं. बाटली खिडकीपासून दूर, फ्रिजच्या सावलीला ठेवली, जिथं ती पूर्वी असायची.

"रोज दोनदा ओलं करायचं," मी दटावून म्हटलं. शिकवायची सवय जात नाही. "आणि आंबा द्यायचा नाही. कितीही दया आली तरी."

"म्हणजे... इथंच?"

"इथंच. अंडी घालतील, वाढतील. पुढची पिढी भरपूर निघाली की मग मला द्या. तोवर माझी बाटली रिकामी राहील. राहू दे."

ते तोंड फिरवून गॅसकडे गेले आणि उगाच भांडी इकडची तिकडं केली. मग मी जेवले. काजूची उसळ खारट झाली होती, मी दोनदा घेतली.

निघताना ते लिफ्टपर्यंत सोडायला आले. बटण दाबलं. लिफ्ट खूप खाली होती, आम्ही उभे राहिलो.

"मधुताई," ते म्हणाले, "लोक येतात हो. चांगले आहेत सगळे. तब्येत विचारतात, डबा आणतात, लेकाचा फोन आला का विचारतात. पण तिचं नाव कोणी काढत नाही. मला त्रास होईल म्हणून. मीही काढत नाही, त्यांना त्रास होईल म्हणून. आज तुम्ही आलात तेव्हापासून पाचपन्नास वेळा क्षमा क्षमा म्हणालात. दसऱ्यापासून ह्या घरात कोणी म्हटलं नव्हतं."

लिफ्ट आली. दार उघडलं. मी आत गेले नाही, ते पुन्हा बंद होऊ दिलं.

"चला, आत चला," मी म्हटलं. "चहा टाका. क्षमानं एकदा प्राचार्यांच्या केबिनमध्ये माश्या सोडल्या होत्या. ते सांगायचं राहिलं."